पवईचा ‘धबधबा’ की सांडवा? मिठीच्या नकाशावर काय लिहायचं?

नकाशावाला:
शाळेच्या भिंतीसाठी मुंबईतल्या मिठी नदीचा मराठी नकाशा काढतोय. पावसाळ्यात पवई तलाव भरला की बांधावरून पाणी कोसळतं. तिथे ‘पवई धबधबा’ लिहावं का? आणि तुळशी, विहार, पवई हे तलाव एकाखाली एक दाखवायचे ना?

सांडवा:
धबधबा नको. नदी नैसर्गिक कड्यावरून पडते तो धबधबा. पवईला पाणी पडतं ते तलाव काठोकाठ भरल्यावर, माणसाने बांधलेल्या भिंतीवरून. धरणाच्या माथ्याची पातळी थोडी उंच ठेवून जादा पाण्यासाठी जी खालची वाट सोडतात, तिला सांडवा म्हणतात. ‘पवई तलावाचा सांडवा’ असं लिहा. मुलांना एक चांगला मराठी शब्दही मिळेल. ‘विहार धरण’ हे बांधाजवळ आणि ‘विहार तलाव’ हे पाण्यावर, असं वेगळं लिहा. एकाच नावाखाली दोन्ही घातलं की बांध नेमका कुठे आहे तेच कळत नाही.

पाणलोट:
क्रमात चूक होतेय. तिन्ही एका रांगेत नाहीत. तुळशी ओसंडला की पाणी विहारमध्ये जातं, विहार ओसंडला की मिठीत. पवईचं पाणी मात्र विहारमध्ये न जाता थेट मिठीला मिळतं. म्हणजे बाण असे: तुळशी ते विहार ते मिठी, आणि पवईहून वेगळा बाण मिठीकडे. पवईला विहारच्याच रांगेत जोडलंत तर पुराचं गणितच चुकीचं दिसेल.

भरलेल्या तलावांचा साठाही लिहा: विहार २,७६९.८ कोटी लिटर, तुळशी ८०४.६, पवई ५४५.५. तुळशी तलाव १८७९ साली बांधलेला, पवई १८९० साली. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत, त्याला रंग वेगळा द्या.

नकाशावाला:
तलाव भरल्यावरच्या पाण्याच्या पातळ्याही लिहायच्या आहेत. तुळशी १३९.१७, विहार ८०.१२, पवई १९५.१०. मग पवई सगळ्यात उंचावर?

पाणलोट:
नाही, पवईचा आकडा फुटांत आहे, बाकीचे दोन मीटरमध्ये. १९५.१० फूट म्हणजे जवळपास ५९.५ मीटर, म्हणजे पवई सगळ्यात खाली. तिन्ही मीटरमध्ये आणूनच लिहा. तुळशी आणि विहारमधला फरक ५९ मीटर येतो, म्हणून तर पाणी आपोआप उतरतं. आणखी एक: महापालिकेच्या या पातळ्या टाऊन हॉलच्या आधाररेषेपासून, म्हणजे मुंबईत उंची मोजायला ठरवलेल्या शून्य पातळीपासून, मोजलेल्या असतात. मोबाइलवर समुद्रसपाटीपासूनची उंची पाहिली तर आकडा जुळणार नाही, तेव्हा आकड्याशेजारी ‘टाऊन हॉल आधाररेषा’ लिहायला विसरू नका.

सांडवा:
मिठी शेवटी समुद्राला मिळते त्या माहीमकडे ‘नदी’ हा शब्द सरसकट ओढू नका. भरतीचं पाणी तिथे आत शिरतं. त्या भागावर ‘माहीमची खाडी’ लिहा आणि निळी छटा बदला.