कर्ज तर गावात सगळ्यांनाच आहे, मग आत्महत्येचा धोका नेमका कुणाला?

कापूसवाला_यवतमाळ:
मामेभाऊ आहे माझा, वय ३४, बँकेचं थकलंय वर सावकाराचं. पण तसं तर निम्म्या गावाला आहे. याची काळजी वाटते कारण दिवाळीपासून पारावर येत नाही, फोन उचलत नाही, रोज पिऊन झोपतो आणि परवा वहिनीला म्हणाला मी नसलो तर तुमचं तरी बरं होईल. घरचे म्हणतात कर्ज फिटलं की होईल ठीक. खरंच फक्त कर्जामुळे होतं का हे? आणि सरळ विचारलं तर उलट डोक्यात येईल का त्याच्या?

समुपदेशक_ताई:
दादा, सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का रे?" असंच. विचारल्याने विचार येत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. आणि एकट्या कर्जाने सहसा असं होत नाही. एनसीआरबी म्हणजे गुन्ह्यांची, आत्महत्यांची नोंद ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या २०२२ च्या आकड्यांत देशातल्या आत्महत्यांच्या कारणांत सर्वात जास्त, ३१.७ टक्के, कौटुंबिक प्रश्न आहेत, मग आजारपण १८.४ टक्के, आणि तेही पोलिसांनी नोंदवलेलं एकेकच कारण, आत नैराश्य, दारू, अपमान, एकटेपणा सगळं गुंतलेलं असतं. थॉमस जॉइनर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, ते दोन गोष्टींवर भर देतात, आपलं कुणी नाही आणि आपण घरच्यांवर ओझं आहोत. तुमच्या भावाचं वाक्य हेच दुसरं आहे, ते हलक्यात घेऊ नका. आधी कधी प्रयत्न केला होता का? तसं असेल तर धोका खूप वाढतो.

सोयाबीन८२:
आमच्या घरात झालंय हे, भाऊ वाचला. वसुलीवाल्यांनी चारचौघांत बोलणं त्याला कर्जापेक्षा जास्त लागलं होतं, आणि आम्ही सगळे "मर्दासारखा राहा" म्हणत होतो. तेव्हा उपदेश नको, नुसतं बसा त्याच्याजवळ. फवारणीची औषधं घरातून हलवा आजच, वाईट वेळ बरेचदा थोडीच असते, ती टळली की माणूस सावरतो.

समुपदेशक_ताई:
अगदी बरोबर. आणि टेलिमानस १४४१६, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात, घरच्यांनीही करावा. लगेच काही करेल असं वाटलं तर एकटं सोडू नका, ११२ लावा नाहीतर थेट दवाखान्यात न्या.

कापूसवाला_यवतमाळ:
विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग हो म्हणाला आणि रडला. आधी प्रयत्न केला नव्हता म्हणतो. औषधं सगळी माझ्या गोठ्यात आणून कुलूप लावलं, रात्री त्याच्याकडेच झोपतोय. उद्या सरकारी दवाखान्यात नेतो, मानसोपचारवाल्यांकडे चिठ्ठी लागते का आधी?

समुपदेशक_ताई:
जिल्हा रुग्णालयात थेट केसपेपर काढा, आधार सोबत ठेवा, आणि वहिनींना पण न्या.