‘अस्कान्स’ म्हणजे वाकड्या नजरेने? अजिबात नाही!

तिरपागडा : काल इथे एकाने ठणकावलंय, ‘इंग्रजीतलं लुक अस्कान्स (look askance) म्हणजे संशयाने बघणे. मराठीत सरळ वाकड्या नजरेने लिहा, विषय संपला.’ कसला संपतोय! शब्द 16 व्या शतकातला, मूळ अर्थ नुसता ‘तिरकं’. व्युत्पत्तीचा पत्ता अजून लागलेला नाही. आता तो संशयासाठी, नापसंतीसाठी वापरतात. पण मराठीत वाकडी नजर म्हटलं की बघणाऱ्याच्याच मनात काळंबेरं. इंग्रजीत जो संशय घेतो, तोच आपल्याकडे संशयित! मी हे करून बसलोय. अनुवादाच्या एका कथेत म्हातारे शेजारी नव्या भाडेकरू बाईंकडे असे बघतात. मी ‘वाकड्या नजरेने’ लिहिलं. संपादकांनी समासात विचारलं, ‘आजोबांना अटक कितव्या पानावर?’

शब्दवेडी : आणि इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ महाकाव्यातला सैतान? 1667 सालचा. आदम-ईव्हचं सुख बघून जळतो, तिथे हाच शब्द आहे. त्याचं मन काय निर्मळ होतं?

तिरपागडा : बरं बाई, सैतानापुरती वाकडी नजर मंजूर. माझ्या आजोबांना तरी सोडा.

नियमवाला : हे सगळं राहू द्या. ‘त्याने संशयास्पद नजरेने पाहिले’ हे रोज छापतात, त्याचं काय? आस्पद म्हणजे स्थान. ज्याचा संशय यावा ते संशयास्पद. हास्यास्पद माणूस हसत नसतो, त्याला लोक हसतात! बघणारा साशंक असतो.

कायपण : इंग्रजीत ‘सस्पिशसली’ दोन्हीकडे चालतं. चोर सस्पिशसली वागतो, पोलीस सस्पिशसली बघतो. तिथे कुणाचं अडलं नाही. आम्ही संशयास्पद म्हटलं की तुमच्या पोटात का दुखतं?

नियमवाला : कारण मराठीत दोन शब्द आहेत. असलेले वापरायला काय जातं?

कायपण : शाळेत याच शब्दावरून माझा अर्धा गुण गेला होता. पुढे तीस वर्षं तसाच बोलतोय, एकानेही गैरसमज करून घेतला नाही. तुमच्यासारख्यांमुळेच लोक मराठीत लिहायला घाबरतात.

नियमवाला : अर्ध्या गुणाचा राग तीस वर्षं? तुमच्या मास्तरांना दंडवत.

कायपण : व्यक्तिगत होऊ नका.

शब्दवेडी : भांडा खुशाल, पण मूळ वाक्याचं काय करायचं ते सांगा. ‘साशंकपणे’ लिहिलं तर नजरच गेली. ‘तिरक्या नजरेने’ लिहिलं तर नापसंती अर्धीच उरते. मी ‘नाक मुरडून’ लिहून बघितलं, तर संशय गायब.

तिरपागडा : पुढच्या आवृत्तीत मी ‘डोळे बारीक करून’ केलं. संपादक गप्प बसले.

नियमवाला : डोळे ऊन लागलं तरी बारीक होतात.

कायपण : पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.