परमा: आधी गोळी की आधी कल्चर?

मायक्रोवाली
पुरुष लघवीतून पू येतो म्हणून गुप्तरोगांच्या सरकारी ‘सुरक्षा’ क्लिनिकात गेला की वर्षानुवर्षं त्याच्या हातात राखाडी किट पडत आलंय: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, समोरच गिळायचं. जंतू कुठला, त्याला ही औषधं लागू पडतात का, कोण बघतं? परमा ज्याने होतो त्या गोनोकॉकस जंतूवर एकेकाळी पेनिसिलिन चालायचं, मग टेट्रासायक्लिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. तिन्ही गेली. २००९ मध्ये क्योटोत सेफिक्झिमच्याच कुळातल्या सेफ्ट्रिॲक्सोन इंजेक्शनलाही न जुमानणारा जंतू सापडला. माझं मत स्पष्ट आहे: पू दिसला की त्याचा बोळा, म्हणजे स्वॅब, प्लेटवर गेलाच पाहिजे; जंतू वाढवून बघायचा, म्हणजेच कल्चर.

तालुक्याचा डॉक्टर
मॅडम, हा जंतू तुमच्या लॅबमध्येच नखरे करतो, इथे काय होणार? त्याला वाढायला चॉकलेट अगार हे रक्ताचं खाद्य ताजं हवं, कार्बन डायऑक्साइड हवा, स्वॅब वाळला की मेला, फ्रीजमध्ये ठेवला तरी तेच. कॉलनी दिसायला एक-दोन दिवस, पुढे कुठलं औषध चालतं ते बघायला औषधाच्या चकत्या (डिस्क) लावून आणखी एक. तोवर माझा ट्रकवाला इंदूर ओलांडून गेलेला असतो. किट बिनडोक असेल, पण माणूस त्याच दिवशी औषध घेऊन जातो.

मायक्रोवाली
औषध रोखा असं कुठे म्हटलं? आधी स्वॅब, मग गोळी, एकाच बैठकीत. शिवाय पुवाची काच ग्रॅम स्टेनने रंगवून मायक्रोस्कोपखाली पंधरा मिनिटांत बघून होते. पुरुषाच्या पुवात पेशींच्या पोटात जोडीजोडीने बसलेले लाल दाणे दिसले की निदान जवळजवळ झालंच. मायक्रोस्कोप तर तुमच्याकडे टीबीसाठी आहेच.

ओपीडी क्रमांक ३
पुरुषाचं ठीक आहे हो. माझ्याकडे बाया ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून येतात. त्यातल्या बहुतेकींना परमा नसतोच, योनीतला जंतूंचा तोल बिघडलेला असतो, नाहीतर बुरशी. आणि जिला खरंच गोनोकॉकस असतो तिला अनेकदा काहीच जाणवत नाही. ती येतच नाही. म्हणजे लक्षण बघून औषध द्यायचं तर नको तिला जातं आणि हवं तिला मिळत नाही. बाईच्या स्वॅबचा ग्रॅम स्टेनही निम्म्या वेळा फसवतो. तेव्हा त्या मायक्रोस्कोपचं माझ्यापुढे कौतुक नको. नवऱ्याला घेऊन या म्हटलं की काय होतं ते तर विचारूच नका.

शंकेखोर
मग गरमीचंही, म्हणजे उपदंशाचंही, कल्चर करून घ्यायचं का? एकदाच सगळं.

मायक्रोवाली
नाही. उपदंशाचा जंतू आपल्या प्लेटवर उगवत नाही, तिथे व्हीडीआरएलसारखी रक्ताची तपासणीच. सुदैवाने पेनिसिलिन अजून त्याच्यावर चालतं. अझिथ्रोमायसिनला मात्र त्यानेही दाद देणं सोडलंय, बऱ्याच देशांत.

तालुक्याचा डॉक्टर
बघा, म्हणजे लॅबही सगळीकडे कामाची नाही. क्लॅमिडिया या दुसऱ्या गुप्तरोगाच्या जंतूला तर जिवंत पेशी लागतात वाढायला. आणि पीसीआर म्हणाल तर तो जंतू आहे एवढंच सांगतो. कुठलं औषध चालेल ते साध्या पीसीआरमध्ये कळत नाही. कुठलं औषध चालेनासं झालंय यावर मोजक्या मेडिकल कॉलेजांनी पाळत ठेवावी, त्यावरून किट ठरवावं, आम्ही ते वाटू. प्रत्येकाचं कल्चर हा शहरी हट्ट आहे.

मायक्रोवाली
पाळत ठेवायला नमुने कुठून येणार? शहरातल्याच ओपीडीतून. तुमच्या हायवेवरचा जंतू त्यात नसेल आणि किट मात्र त्याच्यासाठीही ठरेल. बरं, प्रत्येकाचं सोडा. जो किट घेऊनही पू घेऊन परत येतो, त्याला तरी पुन्हा तेच किट देऊ नका, माझ्याकडे पाठवा.

तालुक्याचा डॉक्टर
तो परत येतो तो मधल्या काळात मेडिकलवाल्याकडून चार गोळ्या खाऊनच. मग तुमच्या प्लेटवर काय उगवणार?

मायक्रोवाली
गोळ्या खाऊनही उगवला, तर तोच हवाय मला.