मदत हवी आहे : सलग मजकुराला गाउडी ओल्ड स्टाइल चालेल का, की कॅस्लॉनच घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मावशीच्या इंग्रजी निबंधांचं छोटेखानी पुस्तक करतेय. साधारण १२० पानं, चित्रं नाहीत, नुसता सलग मजकूर. मांडणी मीच करतेय आणि फॉन्टपाशी येऊन अडले आहे.

मला गाउडी ओल्ड स्टाइल मनापासून आवडतो. फ्रेडरिक गाउडी यांनी १९१५ साली अमेरिकन टाइप फाउंडर्स या खिळे पाडणाऱ्या कंपनीसाठी (फाउंड्रीसाठी) केलेला. आय आणि जेवरचा ठिपका गोल नाही, पत्त्यांतल्या चौकटसारखा आहे. धाकट्या जीचा कान (डोक्याजवळची छोटी रेघ) वर उचललेला, मोठ्या ईची खालची रेघ हलकेच वर चढणारी. पट्टीने ओढल्यासारखं त्यात काही वाटतच नाही. मावशी लिहायचीही तशीच, जवळ बसून सांगितल्यासारखं. म्हणून हाच हवा होता.

पण ११ पॉइंटमध्ये प्रिंट काढली तर पान फिकं दिसतं. खिळ्यांची छपाई होती तेव्हा शाई कागदावर जराशी पसरून अक्षर भरायचं. माझ्याकडची डिजिटल आवृत्ती तशी भरत नाही, बारीक रेघा बारीकच राहतात. शिवाय पी, वाय यांच्या शेपट्या आखूड आहेत. फाउंड्रीच्या आग्रहाखातर त्या आखूड केल्या गेल्या आणि गाउडींना पुढे त्याची खंत वाटली. मी सवयीने ओळींतलं अंतर १५ पॉइंट ठेवलं होतं. आखूड शेपट्यांमुळे मधली पांढरी पट्टी आणखीच रुंद दिसायला लागली. १३ वर आणलं तेव्हा पान पुष्कळ सावरलं, तरी हवा तेवढा काळेपणा येत नाही.

मग तेच पान अडोबी कॅस्लॉनमध्ये लावून पाहिलं (कॅरल ट्वॉम्ब्ली यांचा, १९९०चा). सुटं अक्षर पाहिलं तर गाउडीइतकं लोभस नाही. पण दुसऱ्या पानावर गेल्यावर लक्षात आलं की मी फॉन्ट बघायचा सोडून निबंध वाचत होते! फक्त प्रकरणांच्या नावांसाठी तो ३० पॉइंटला नेला की बोजड वाटतो. मूळ कॅस्लॉन घडवणाऱ्या विल्यम कॅस्लॉनच्या काळी प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरत, इथे एकच रेखाटन ताणलं जातं, त्याचा हा परिणाम असावा.

आता मजकूर कॅस्लॉनमध्ये आणि प्रकरणांची नावं गाउडीत, असं करायचं मनात आहे. दोन्ही जुन्या वळणाचे सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेले), तर शेजारी शेजारी खटकतील का? की नावंही कॅस्लॉनच्याच स्मॉल कॅप्समध्ये (धाकट्या अक्षरांच्या उंचीची मोठी अक्षरं), लहान आकारात ठेवू? नावांसाठी मोफत मिळणारा सॉर्ट्स मिल गाउडी वापरून पाहिला, पण त्यात साधा आणि इटॅलिक एवढेच प्रकार आहेत. सॉफ्टवेअरने जबरदस्तीने ठळक केला की ई आणि एची पोटं बुजतात.

कोणी गाउडीत अख्खं पुस्तक छापलं असेल तर कागद कोणता घेतला आणि पॉइंट किती ठेवला, तेवढं जरूर सांगा. गाउडी सोडायला जीव होत नाहीये.