कोझुमेलच्या भिंती आणि सेनोटे एकाच फेरीत: वजन, हवा आणि सराव

तापीकाठ (भुसावळ):
आम्ही दोघं. प्रत्येकी शंभरावर स्कूबा डाइव्ह, डीप (खोल पाणी) आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) हे कोर्स झालेले, केव्हचं (पाण्याखालच्या गुहांचं) कार्ड नाही. डिसेंबरात मेक्सिकोला आधी कोझुमेल बेटाच्या रीफ वॉल (प्रवाळाच्या उभ्या भिंती), मग तुलुमकडचे सेनोटे (गोड्या पाण्याचे नैसर्गिक खड्डे). त्यातले ॲन्जेलिटा आणि द पिट मनात आहेत. समुद्रातलं वजन गोड्या पाण्यात तसंच चालेल का? ११ लिटरच्या एका ॲल्युमिनियम सिलिंडरवर ४० मीटर निभेल? आणि शेतात साठ फूट विहीर आहे, तुडुंब भरलेली. सराव तिथेच केला तर?

चोपडेकर:
खारं पाणी अडीच टक्के जड. सामानासकट १०० किलो भरत असाल तर गोड्यात सुमारे अडीच किलो शिसं काढा. नुसत्या गणितावर राहू नका. सिलिंडरातला दाब ५० बारवर आणा, बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) रिकामं करा, पाणी डोळ्यांपर्यंत यायला हवं.

खरी गंमत खाली आहे. ॲन्जेलिटात साधारण ३० मीटरवर हायड्रोजन सल्फाइडचा ढग, त्याखाली खारं पाणी. गोड्यात बेतलेला माणूस खाऱ्यात शिरला की बुचासारखा वर ढकलला जातो. मग तो बीसीडीतली हवा सोडतो, वर गोड्यात येतो आणि दगडासारखा खाली जायला लागतो. अशा वेळी हवा थोडी-थोडी सोडा, खोली दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर नजर ठेवा. ढगात हात दिसत नाही आणि ओठांवर सडक्या अंड्यांची चव येते. रेंगाळू नका.

आता ४० मीटर. एकाची हवा संपली, दोघं एकाच सिलिंडरवर आले, घाबरून प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर ओढतायत असं धरा. तळाशी (दाब पाचपट) एक मिनिट: ३०० लिटर. ५ मीटरपर्यंत चार मिनिटांत वर: ७८०. तिथे तीन मिनिटं थांबा: २७०. एकूण १,३५० लिटर, म्हणजे ११ लिटरच्या सिलिंडरात सुमारे १२५ बार नुसते राखीव. २०० पैकी ७५ उरले. शांतपणे मिनिटाला १८ लिटर घेतले तरी नऊ मिनिटं, तीही उतरण्याची धरून! ३० मीटरवर हाच हिशोब ९५ बार राखीव आणि १६ मिनिटं. म्हणून भाऊ, एका सिलिंडरवर ४० विसरा.

हा हिशोब डोक्यावर मोकळं पाणी असेल तरचा. द पिटचं तोंड लहान आणि पोट मोठं, रांजणासारखं. वर छत आलं की तिसऱ्या हिश्श्याचा नियम: एक जायला, एक यायला, एक बडीसाठी (जोडीदारासाठी). आणि दाब सिलिंडर पाण्यात थंड झाल्यावर वाचा. उन्हात ४० अंशांवर २०० दाखवणारं २५ अंशांच्या पाण्यात १९० वर येतं. हिस्सा ६०, परतायचं १३० ला.

केव्हचं कार्ड नाही ना? मग उजेड दिसतो तेवढंच. सांगाड्याचं चित्र असलेली थांबा पाटी दिसली की मागे फिरा, गाइड काहीही म्हणो.

शहादा_ड्रिफ्ट:
कोझुमेलच्या भिंतीला तळ दिसत नाही, खोली कळत नाही. ३२ टक्के नायट्रॉक्सची १.४ बार ऑक्सिजन-दाबाची मर्यादा ३३ मीटर, ४० ला जायचंच तर २८ टक्के मागा. श्वासाचे बुडबुडे वर न जाता खाली ओढले जाताना दिसले तर प्रवाह खाली नेतोय. पाय मारत सरळ वर लढू नका, दम लागून हवा संपते. भिंतीपासून तिरके निळ्या पाण्याकडे सरका, बीसीडीत थोडी हवा घाला. प्रवाहाबाहेर पडताच ती हवा काढायला तयार राहा, नाहीतर सुसाट वर जाल. एसएमबी (पाण्यावर खूण दाखवणारा फुगा) दोघांकडे हवा, आणि हातमोजे, चाकू बोटीवर नेऊ नका, सागरी उद्यानात बंदी आहे.

रावेरची_बाग:
विहिरीचं डोक्यातून काढा. पाणी खाली गेलं की अरुंद विहिरीत पाण्यावर कोंदट वायू साचतो, वर येऊन तोंडातला रेग्युलेटर काढला की तोच छातीत. शिवाय मोटारीची केबल आणि तळाचा गाळ.

लाइनचा (गुहेत परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीचा) सराव जमिनीवर होतो. केळीच्या बागेत रील (दोरीची फिरकी) घ्या, ३० मीटर दोरी लावा, डोळ्यांवर रुमाल बांधा आणि अंगठा व तर्जनीचं कडं करून दोरी त्यात ठेवत परत या. बडीचा दंड धरूनही एकदा. हवा संपल्याची खूण मध्येच द्यायची, बोलायचं नाही.

तापीकाठ (भुसावळ):
आभार दादा. ॲन्जेलिटा ३० पर्यंत, ढगाच्या वरूनच. द पिट रद्द. केळीच्या खोडावरून दोरी घसरून खाली येते, काय करावं?

रावेरची_बाग:
एक वेढा घातला म्हणून. दोन वेढे घ्या, रील दोरीखालून काढून ओढा, आणि सुरुवातीला दोन वेगळ्या खोडांना बांधा. एक सुटलं तरी दुसरं धरतं. घड लागलेल्या झाडांना हात लावू नका, मालक ओरडतो.