मदत हवी आहे : जुना पूल पाडून नवा बांधायला राज्याच्या कर्जरोख्यांतून निधी मिळतो का?

शहापूरकर :
नमस्कार मंडळी. बेळगावात आमच्या भागातल्या नाल्यावरचा पूल जुना झालाय. स्लॅबखालची सळी उघडी पडलीय, गंजाचे ओघळ दिसतात. वर दरवेळी डांबराचा थर तेवढा चढतो. राज्य सरकार कर्जरोखे काढतं, त्यातून पैसे मागता येतील का? निवेदनात काय लिहावं?

तुळई :
रोखे मागू नका, तरतूद मागा. राज्याचे रोखे रिझर्व्ह बँक लिलावाने विकते आणि पैसे राज्याच्या एकत्रित निधीत जातात. त्यावर कुठल्याच पुलाचं नाव नसतं. वाटप अर्थसंकल्पात लेखाशीर्षाप्रमाणे (खर्चाच्या प्रकाराला दिलेल्या क्रमांकाप्रमाणे) होतं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नव्या पुलाचं भांडवली काम 5054 खाली, देखभाल-दुरुस्ती 3054 खाली. नुसतं 'दुरुस्ती करा' लिहिलंत तर गिलावा मारून विषय मिटवतील. 'पुनर्बांधणी' असं स्पष्ट लिहा.

त्याआधी पूल महापालिकेचा की बांधकाम खात्याचा, ते पक्कं करा. रस्ता हस्तांतरित झाला असेल तर आदेशाची प्रत माहिती हक्कात काढा. निवेदनाला कन्नड प्रत जोडाच, ती नसली तर टपाल अडायला तेवढं निमित्त पुरतं.

आणि ते डांबर! 50 मिमीचा एक थर म्हणजे चौरस मीटरला साधारण 110 किलो जादा बोजा. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडायला लावा.

शहापूरकर :
महापालिकेचा निघाला तर? पुण्यासारखे स्वतःचे रोखे काढता येतील ना?

पूररेषा :
पुण्याने 2017 मध्ये 200 कोटींचे काढले ते पाणीपुरवठ्यासाठी. तिथे पाणीपट्टी येते. टोल नसलेल्या पुलाची परतफेड शेवटी घरफाळ्यातूनच. वर पतमानांकन, लेखापरीक्षण, एस्क्रो खातं (परतफेडीचे पैसे राखून ठेवायचं वेगळं खातं). एका पुलासाठी हा खटाटोप परवडत नाही.

जोर तपासणी अहवालावर द्या. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन टाकतात : गुलाबी झालं तर ठीक, रंग न आलेला थर सळीपर्यंत पोचला असेल तर सळीचं संरक्षण संपलं. हाफ-सेल चाचणीत (तांबे-मोरचूद इलेक्ट्रोड लावून सळीचा विद्युतदाब मोजतात) रीडिंग उणे 350 मिलिव्होल्टच्या खाली गेलं, तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त. पायाजवळची माती किती वाहून गेली तेही मोजायला लावा.

जुन्याच मापाचा गाळा (पाणी जायला दोन आधारांमधली मोकळी जागा) पुन्हा घालू देऊ नका. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात कसं पसरतं ते आपण बघतोच. 100 वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या मोठ्या पुराचा विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहतं ते) काढून मगच गाळा ठरवायचा. अंदाजपत्रकात जलवाहिनी, हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) केबल हलवणं आणि पर्यायी रस्ता धरला आहे का, तेही बघा. ते सुटलं की निविदा निघूनही काम अर्ध्यावर थांबतं.