चर्चा: ‘कामाला जातो, जेवतो, हसतो, मग त्याला कसलं डिप्रेशन?’

गोदाकाठ (कॉलेज रोड)
शीर्षकातलं वाक्य आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं आणि बऱ्याच जणांनी त्याला अंगठा दिला. मला ते धोकादायक वाटतं, म्हणून इथे लिहिते.

माणूस कामाला जातो कारण हप्ता थांबत नाही. हसतो कारण चार लोकांत तोंड पाडून बसलं की प्रश्न विचारतात. आपल्याकडे नैराश्य रडत येत नाही, ते बहुतेकदा शरीरातून बोलतं. पाठ धरते, डोकं जड होतं, पित्त उसळतं, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. पुरुषांमध्ये तर नुसती चिडचिड दिसते, नाहीतर संध्याकाळची बाटली. घरचे पित्ताची गोळी देतात, सोनोग्राफी करून आणतात, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि मग म्हणतात, “काही झालेलं नाही तुला.” त्या वाक्यानंतर तो माणूस बोलणंच बंद करतो.

डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचं विचारतात. रोज उदास वाटतं का, आवडीच्या गोष्टीत रस उरला आहे का, झोप, भूक, थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं. थायरॉइड आणि बी-१२ पण तपासतात, कारण त्यांच्या कमतरतेतही असंच होतं. आपण मात्र “काय, बरंय ना?” एवढंच विचारतो, आणि त्याला “हो” शिवाय उत्तरच नसतं. झोप कशी लागते ते विचारा. शंका आली तर “जगणं नकोसं वाटतं का?” हेही सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

द्राक्षबाग_निफाड
ताई, मनापासून विरोध करतो. छाटणीपासून औषधं मारून आणलेला माल ऐन काढणीत अवकाळीत तडकतो. वाचला तर व्यापारी पैसे बुडवून पळतो. लासलगावला कांदा नेला तर गाडीभाडं निघत नाही. अशा माणसाला झोप येत नसेल तर तो आजारी नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. त्याला गोळी देऊन झोपवलं की सरकारही मोकळं, बँकही मोकळी. आमच्या दुःखाला रोगाचं नाव दिलं की कारणावर कुणी बोलत नाही.

मखमलाबादकर
निफाडकरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं. आमच्या आई-वडिलांनी ७२ चा दुष्काळ काढला. कुणी समुपदेशकाकडे गेलं नाही, घरात माणसं होती. आज चाचणीत मार्क कमी पडले तरी पोरं ‘मेंटल हेल्थ’ म्हणतात. आणि एकदा मनोविकारतज्ज्ञाच्या दारात कुणी पाहिलं की पोरीचं लग्न जमत नाही, हे कोण निस्तरणार?

गोदाकाठ
काका, दुष्काळ निघाला, पण त्या काळात कोण आतून संपलं याची मोजदाद कुणी ठेवली? विहिरीवर ‘पाय घसरला’ म्हणून किती गोष्टी मिटवल्या गेल्या, हे जुन्या गावात विचारून बघा. लग्नाची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण त्या भीतीपोटी उपचार लांबतात आणि आजार वाढतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविनाच होते.

मखमलाबादकर
ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. आकडा नाशिकला चिकटवू नका.

गोदाकाठ
बरोबर, त्यात महाराष्ट्र नव्हता. मग महाराष्ट्राचाच घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार (एनसीआरबी) २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यात सर्वाधिक, २२,७४६, आपल्या राज्यात. देशभरात आत्महत्या केलेल्यांत दर दहांत सात पुरुष, म्हणजे ज्यांना आपण ‘खंबीर’ म्हणतो तेच.

अंबड_शिफ्ट
मी कंपनीत सुपरवायझर आहे. टायफॉइड म्हटलं की सुट्टी मंजूर. मन लागत नाही म्हटलं की “घरी बसून काय करशील, कामात राहा.” २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराइतकाच दर्जा आहे, विम्यातसुद्धा. आमच्या शॉप फ्लोअरवर हे किती जणांना माहीत असेल? पैशाची अडचण असेल त्यांनी जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात चौकशी करावी. आणि गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंदही करू नका.

गोदाकाठ
निफाडकर दादा, भाव, कर्ज, बुडालेला पैसा यावर लढायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण त्या लढ्याला माणूस जिवंत लागतो. कर्ज सारख्याच दोन शेजाऱ्यांवर असतं, एक जण सावकाराशी भांडायला उठतो, दुसऱ्याला अंथरुणातून उठवत नाही. त्या दुसऱ्याला नुसता भाव देऊन भागत नाही, उपचारही लागतात. आणि एक कळकळीने सांगते, फवारणीची औषधं घरात उघडी ठेवू नका. मरणाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने सर्वात विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या.

द्राक्षबाग_निफाड
औषधांच्या कपाटाला कुलूप लावतो, किल्ली आईकडे. ते पटलं. भावाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनीही तो सोडू नये. माझ्या चुलतभावाचं लक्षण तुम्ही लिहिलंय तसंच आहे, पहाटे उठून बागेत नुसता बसतो. तो दवाखान्यात येणार नाही. ती १४४१६ ची हेल्पलाइन आहे ना, टेली-मानस, तिथे मराठीत बोलतात का? आणि त्याच्याऐवजी मी फोन केला तर चालेल?

गोदाकाठ
हो, मराठीत बोलतात, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. तुम्ही केलात तरी चालेल, त्याच्याशी कसं बोलायचं तेही विचारा. पण त्याला मरणाबद्दल विचारायचं राहू देऊ नका. आज संध्याकाळीच बागेत त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि तो “हो” म्हणाला तर रात्री त्याला एकटं सोडू नका, सकाळी जिल्हा रुग्णालयात घेऊन या. मी येते तिथे.